जैसलमेरच्या आसपास: वाळूपेक्षा दगड आणि पाणी पाहावे

जैसलमेरचे जे ठरीव पॅकेज बहुतेक प्रवास कंपन्या विकतात, त्यात किल्ला, पटव्यांची हवेली, गडीसर तलाव, सम गावाच्या वाळूतील उंटाची फेरी आणि तंबूतील एक रात्र एवढेच असते. हे सर्व वाईट आहे असे मुळीच नाही. किल्ला तर स्वतंत्र दिवस द्यावा इतक्या तोलाचा आहे. परंतु थरच्या वाळवंटाचा हा भाग जगातील इतर वाळवंटांहून वेगळा का ठरतो, आणि वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या या प्रदेशात माणसे शतकानुशतके पिके कशी घेत राहिली, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या पॅकेजमध्ये कुठेच मिळत नाहीत. ती शहराच्या चहूबाजूंना पंधरा ते चाळीस किलोमीटरांच्या परिघात विखुरलेली आहेत आणि त्यासाठी पॅकेज सोडून स्थानिक गाडी भाड्याने घ्यावी लागते. आम्ही तसे केले. त्या गाडीतून पाहिलेल्या ठिकाणांचे आणि त्या व्यवस्थेचे हे परीक्षण आहे.

आधी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जैसलमेर म्हटले की नजरेपुढे वाळूच्या लाटा येतात, पण शहराच्या आजूबाजूची बरीचशी जमीन खडकाळ पठाराची आहे; कुठे पिवळा चुनखडीचा दगड, कुठे तपकिरी वालुकाश्म, कुठे नुसतीच गोट्यांनी भरलेली माळरानासारखी सपाटी. वाळूचे मोठे धोरे, म्हणजे टेकड्या, पाहायच्या तर पश्चिमेला समपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर जावे लागते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दहापट आहे आणि एवढ्या विस्तारात प्रवाशाला एकाच ठिकाणची वाळू दाखवून परत पाठवले जाते, ही गोष्ट मला पटत नाही.

पहिले ठिकाण अर्थातच अकल. बारमेरच्या रस्त्याने साधारण सतरा किलोमीटर गेल्यावर मुख्य रस्ता सोडून थोडे आत वळावे लागते आणि तिथे एका उजाड टेकाडावर एकवीस हेक्टरांचे जीवाश्म उद्यान आहे. उद्यान या शब्दाने कोणी फसू नये. तिथे सावलीला झाड नाही, बागबगीचा नाही, खाण्यापिण्याचे दुकान नाही. जी झाडे आहेत ती सर्व आडवी पडलेली आणि दगड झालेली. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळात, या भागात उष्ण आणि दमट हवामान होते, नद्या वाहत होत्या आणि घनदाट अरण्य होते. पुरात वाहत आलेली खोडे गाळाखाली इतक्या लवकर गाडली गेली की ती कुजण्याआधीच त्यांच्यात सिलिकायुक्त पाणी झिरपले. त्या पाण्यातील खनिजाने लाकडाच्या पेशींची जागा कणाकणाने घेतली, आणि म्हणूनच आज दगडावरही सालीचे खवले आणि गाभ्याच्या रेषा दिसतात. लाकडाच्या वखारीत रचून ठेवलेले ओंडके आणि हे ओंडके यांत दहा पावलांवरून फरक कळत नाही. हात लावला की मगच तो थंडगार, जड दगड असल्याची खात्री पटते. अर्थात, हात लावण्याची संधी थोड्याच ठिकाणी मिळते, कारण महत्त्वाची खोडे पत्र्याच्या छपराखाली लोखंडी जाळीत बंदिस्त केलेली आहेत. त्यांतील सर्वांत लांब खोड तेरा मीटरांहून अधिक आहे. ही झाडे अनावृत्तबीजी वर्गातील, म्हणजे आजच्या सूचिपर्णी वृक्षांच्या दूरच्या नात्यातील होती. फुले येणारी झाडे पृथ्वीवर अजून बहरायची होती.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७२ मध्ये अकलला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला. दर्जा एवढा मोठा असूनही पाहणाऱ्याला तिथल्या तिथे मिळणारी माहिती मात्र तुटपुंजी वाटते. पिंजऱ्यापाशी उभे राहिलेल्या कुटुंबातील मुले 'हे झाड दगड कसे झाले' असे विचारतात आणि बरोबरचे वडीलधारे गप्प राहतात, हे दृश्य तिथे सहज दिसते. म्हणून जाण्यापूर्वी घरीच दहा मिनिटे वाचून जावे. त्या वाचनाने या जागेची किंमत अनेक पटींनी वाढते. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ वडधम येथेही अश्मीभूत खोडांचे जीवाश्म उद्यान आहे, हे पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊक नसते. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना अकलमध्ये ओळखीची खूण पटेल. मात्र तिकडे आजूबाजूला आजही जंगल आहे आणि इथे क्षितिजापर्यंत खुरट्या झुडपांपलीकडे काही नाही. या विरोधामुळेच अकल मनावर अधिक ठसते.

अकलमध्ये आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे आणि ती कोणताही गाइड सांगत नाही. ही झाडे ज्या वालुकाश्माच्या थरात सापडतात, त्याला भूशास्त्रात लाठी शैलसमूह म्हणतात, आणि पूर्वेकडे हाच थर जमिनीखाली जातो तिथे तो या जिल्ह्यातील गोड्या भूजलाचा सर्वांत महत्त्वाचा साठा ठरतो. जी नदीची वाळू त्या काळी अरण्यावर पसरली, तिच्याच सच्छिद्र थरातील पाणी आज कूपनलिकांतून वर येते. एरवी भूशास्त्र हा रुक्ष विषय वाटणाऱ्या माणसालाही ही जोडणी कळली की वाळवंटाकडे पाहण्याची नजर बदलते. याच परिसराने अलीकडे आणखी एक धक्का दिला. शहरालगतच्या खडकांत सापडलेल्या हाडांवरून 'थारोसॉरस इंडिकस' या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोराचे वर्णन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे वय सुमारे १६ कोटी ७० लाख वर्षे आहे. तो दाखवणारे प्रेक्षणीय स्थळ तयार झालेले नाही, त्यामुळे 'डायनासोर दाखवतो' असे म्हणणाऱ्या दलालाला जास्तीचे पैसे देऊ नयेत.

अकलला सकाळी लवकर जावे, कारण डोक्यावर छप्पर नाही आणि डिसेंबरातही अकरानंतर ऊन बोचते. तासाभरात सगळे पाहून होते. जमिनीवर विखुरलेल्या दगडी लाकडाच्या चकत्या उचलून खिशात टाकण्याचा मोह अनेकांना होतो. ती संरक्षित जागा आहे आणि तसे करणे गुन्हा आहे, एवढे बरोबरच्या मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

दुसरे ठिकाण कुलधरा, आणि याविषयी मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण सर्वाधिक गर्दी इथे होते आणि सर्वाधिक भाकडकथाही इथेच ऐकवल्या जातात. शहराच्या नैर्ऋत्येला अठरा किलोमीटरांवर पालीवाल ब्राह्मणांचे हे ओसाड गाव आहे. मारवाडातील पालीहून आलेल्या या समाजाने तेराव्या शतकाच्या सुमारास इथे वस्ती केली; शेती, सावकारी आणि व्यापार अशा तिन्ही गोष्टींत ते तरबेज होते, आणि या मुलखात त्यांची चौऱ्याऐंशी गावे होती असे परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकात गाव उठले. चालकापासून गाइडपर्यंत सर्व जण एकच कथा सांगतात: जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर गावातील मुलीवर पडली, मानी पालीवालांनी एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावे रिकामी केली आणि जाताना शाप दिला की इथे पुन्हा कोणी नांदणार नाही. त्या शापाला अलीकडच्या काळात भुतांची जोड मिळाली आहे, आणि काही जण केवळ भुतांसाठी येतात.

कागदावरची आकडेवारी या कथेला दुजोरा देत नाही. ब्रिटिश अधिकारी जेम्स टॉडने १८१५ मध्ये कुलधराची नोंद केली तेव्हा दोनशे घरे आणि आठशे माणसे होती, आणि गाव सोडून जाण्यास तोवर सुरुवात झालेली होती. १८९० मध्ये तिथे ३७ माणसे उरली. म्हणजे गाव एका रात्रीत ओस पडले नाही, ते काही दशके झिजत गेले. विहिरी एकामागून एक आटत गेल्या, सालिमसिंहाच्या काळातील करांचा बोजा असह्य झाला आणि माणसे हळूहळू निघून गेली, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोसळलेल्या घरांच्या अवशेषांवरून भूकंपाची शक्यताही मांडली गेली. दिवाण जुलमी होता यात शंका नाही, पण एका खलपुरुषावर सर्व दोष टाकणारी गोष्ट सांगायला सोपी असते. पाणी संपल्याची गोष्ट सांगायला वेळ लागतो आणि ती ऐकून कोणी बक्षिशी देत नाही.

भुतांचा विचार बाजूला ठेवून गाव पाहिले तर ते विलक्षण आहे. मोठ्या इमारतींचे चारशेहून अधिक अवशेष आहेत. रस्ते सरळ, रुंद आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे आहेत. घरांच्या दगडी भिंती चुन्यावाचून केवळ दगडावर दगड बसवून उभ्या केलेल्या दिसतात. बैलगाडी ठेवण्याची स्वतंत्र जागा, अंगण, माडीवर जाणारा अरुंद जिना अशी रचना घरामागून घरात पुन्हा आढळते. एक मंदिर आणि काही घरे डागडुजी करून उभी केली आहेत. डागडुजी जरा जास्तच नीटनेटकी झाल्याने ती घरे नवीन वाटतात आणि मूळ अवशेषांचा भाव त्यांना नाही; म्हणून प्रवेशद्वारालगतच्या दुरुस्त भागात छायाचित्रे काढून परत फिरू नये. गावाच्या मागच्या टोकापर्यंत चालत जावे, जिथे काकनी नदीचे कोरडे पात्र लागते. गाव तिथे का वसले हे त्या पात्राकडे पाहिल्यावर समजते. संध्याकाळी गाव बंद होते, त्यामुळे 'रात्रीची भुताची सहल' कोणी देऊ केली तर ती सरळ नाकारावी.

इथे गाडी आत नेण्याचे वेगळे शुल्क पडते आणि गर्दीच्या दिवसांत आतल्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. ओसाड गावात हॉर्नचा आवाज ऐकावा लागणे हा अनुभव विचित्र आहे. गाडी बाहेर ठेवून पायी फिरणे सर्वस्वी उत्तम.

कुलधराहून पुढे काही किलोमीटरांवर खाभा आहे, आणि मला विचाराल तर या सर्व प्रवासातील सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत मोलाचे ठिकाण हेच. खाभा हेही पालीवालांचेच गाव. उंचवट्यावर एक लहानसा किल्ला आहे आणि त्याच्या तटावरून खाली पाहिले की छपरे नसलेल्या घरांची संपूर्ण रचना नकाशासारखी उलगडते. कुलधरात जे जमिनीवरून तुकड्यातुकड्यांनी पाहावे लागते ते इथे एका दृष्टिक्षेपात दिसते. किल्ल्यात भूशास्त्राचे छोटे संग्रहालय आहे, ज्यात या जिल्ह्यातील खडक आणि जीवाश्म मांडलेले आहेत. मांडणी साधी आहे, प्रकाशयोजना बेतास बात आहे, तरीही अकल पाहून आलेल्या माणसाला इथल्या कपाटांपुढे अर्धा तास सहज घालवता येतो. सकाळ-संध्याकाळी मोरांची वर्दळ असते. पॅकेजवाल्यांच्या यादीत खाभा क्वचितच असतो आणि असला तरी 'वेळ उरला तर' असा असतो. चालकाशी ठरवतानाच हे नाव ठामपणे घ्यावे.

खाभाच्या वाटेवर, विशेषतः हिवाळ्यात, एक दृश्य दिसते जे पाहण्यासाठीच मी या रस्त्याची शिफारस करेन. चहूकडे उजाड खडक आणि मध्येच गव्हाचे किंवा हरभऱ्याचे हिरवेगार शेत, त्यालाही कूपनलिका किंवा कालवा दिसत नाही. हे खडीन. पालीवालांनी या तंत्राचा विकास केला आणि आजही ते वापरात आहे. खडकाळ उतारावर पडलेला तुटपुंजा पाऊस जमिनीत न मुरता खाली धावतो. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांबलचक बांध घातलेला असतो, तिथे पाणी अडते, गाळ बसतो आणि जमीन खोलवर भिजते. पावसाळा सरला की साचलेले पाणी उरले असेल ते सांडव्यातून काढून देतात, आणि त्या ओलीवरच रब्बीचे पीक, पुन्हा पाणी न देता, वाढते. पाण्याबरोबर वाहून येणारी माती आणि गुराढोरांचे शेण यामुळे जमिनीचा कसही टिकतो. शेताच्या कितीतरी पट मोठे पाणलोट क्षेत्र मोकळे ठेवावे लागते, म्हणून ही शेती कमी पावसातच आणि खडकाळ मुलखातच शक्य आहे. ज्या उजाडपणाला आपण दोष देतो तोच इथे भांडवल ठरतो. मराठवाड्यात किंवा माणदेशात ज्यांनी पाण्यासाठी बांधबंदिस्तीची कामे पाहिली आहेत, त्यांनी खडीनच्या बांधावर उभे राहून उताराचा हिशेब नजरेने करून पाहावा. शेत खासगी असते, म्हणून परवानगी विचारावी. आम्हाला शेतकऱ्याने आनंदाने बांधावर येऊ दिले आणि पाणी कुठून येते ते हाताने आखून दाखवले.

दुसऱ्या दिशेला, शहराच्या वायव्येस पंधरा-सोळा किलोमीटरांवर लोद्रवा आहे. जैसलमेरच्या आधीची ही भाटी राजपुतांची राजधानी. वारंवार होणाऱ्या स्वाऱ्यांना सपाटीवरील हे शहर तोंड देऊ शकत नाही हे ओळखून रावल जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर नवा किल्ला बांधायला घेतला, आणि लोद्रवा मागे पडले. आज तिथे राजधानीचे फारसे काही शिल्लक नाही; आहे ते जैन मंदिर. पार्श्वनाथाचे हे मंदिर सतराव्या शतकाच्या आरंभी थारूशाह या श्रेष्ठीने जीर्णोद्धार करून उभे केले. दारातील कोरीव तोरण आणि भिंतींतील दगडी जाळ्या इतक्या नाजूक आहेत की पिवळा दगड एवढा आज्ञाधारक असू शकतो यावर विश्वास बसत नाही. जाळीतून गाभाऱ्यात येणारी झुळूक भर दुपारीही गार वाटते, त्यामुळे शोभेबरोबर हवेचीही सोय साधलेली आहे. मंदिरात चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत. पट्टा आणि पाकीट गाडीतच ठेवावे. जवळच वाळूत बुडालेल्या पात्रालगत मूमलच्या महालाचे म्हणून अवशेष दाखवतात. अमरकोटचा महेंद्र रोज रात्री उंटावर बसून तिला भेटायला येई, ही थरच्या दोन्ही बाजूंना गायली जाणारी प्रेमकथा आहे. अवशेष पाहण्यासारखे फारसे नाहीत, पण अमरकोट आता सीमेपलीकडे आहे हे आठवले की उंटाच्या त्या एका रात्रीच्या फेरीचे अंतर वेगळेच भासते.

लोद्रव्याच्या वाटेवर बडा बाग लागते. राजघराण्याच्या स्मारक-छत्र्यांच्या रांगा आणि मागे पवनचक्क्यांचा जथा अशी तिची रचना झाली आहे. पवनचक्क्यांमुळे देखावा बिघडला असे काही जण म्हणतात. मला तसे वाटले नाही. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गेले की पुरेसे होते.

सम आणि तंबूतील रात्र यांविषयी थोडक्यात. धोरे सुंदर आहेत, पण सायंकाळी त्यांच्यावर उंट, घोडे, जीप आणि चारचाकी मोटरसायकली यांची इतकी गर्दी होते की वाळूवर वाऱ्याने कोरलेल्या रेषा शोधाव्या लागतात. ज्या तंबूनिवासात आम्ही राहिलो तिथे लंगा-मांगणियार या समाजांतील लोकगायकांची बैठक जेमतेम पाऊण तास चालली आणि त्यानंतर ध्वनिवर्धकावर हिंदी चित्रपटगीते सुरू झाली, ती रात्री उशिरापर्यंत थांबली नाहीत. कमायचा आणि खडताल ही वाद्ये ऐकायला आलेल्या माणसाने यासाठी पैसे का मोजावेत? ज्यांना शांतता हवी असेल त्यांनी नैर्ऋत्येकडील खुहडीचा विचार करावा. तिथेही व्यवसाय वाढला आहे, तरी गावातील मातीच्या घरांत राहण्याची सोय मिळते आणि गर्दी तुलनेने कमी असते. आरक्षण करण्यापूर्वी 'रात्री ध्वनिवर्धक किती वाजता बंद होतो' हा प्रश्न नि:संकोच विचारावा. उत्तर देताना समोरचा किती अडखळतो, त्यावरून निर्णय घेता येतो.

समच्या आसपासच मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे. ३,१६२ चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र जैसलमेर आणि बारमेर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. इथला मानकरी पक्षी गोडावण, म्हणजेच आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात एकेकाळी हमखास दिसणारा हा पक्षी आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. संपूर्ण देशात त्यांची संख्या दीडशेच्या आत आली असून त्यांतील बहुसंख्य याच जिल्ह्यात आहेत. जड शरीर आणि समोरचे नीट न दिसणारी नजर यामुळे उंच विद्युतवाहिन्यांना धडकून ते मरतात, आणि पवन व सौर ऊर्जेच्या वाढत्या वाहिन्यांमुळे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सम आणि रामदेवरा येथे कृत्रिम प्रजननाचे केंद्र चालते, पण ते प्रेक्षकांसाठी नाही. सुदासरीच्या कुंपण घातलेल्या गवताळ भागात परवानगी काढून जाता येते. पहाटे पोहोचणे, दुर्बीण बरोबर असणे आणि काहीच न दिसण्याची तयारी ठेवणे या तीन गोष्टी लागतात. आम्हाला माळढोक दूरवर, सेवण गवतातून मान वर केलेला असा दिसला आणि तेवढ्यावर आम्ही संतुष्ट होतो. जवळ जाण्याचा आग्रह चालकाला करू नये. ज्या चालकाने तसा आग्रह मानण्यास नकार दिला त्याचे कौतुकच करावे.

आता गाडीविषयी. लहान गाडीला दिवसाला अडीच हजार रुपयांच्या आसपास भाडे पडले. हंगामात, विशेषतः नाताळच्या आठवड्यात आणि मरु महोत्सवाच्या दिवसांत, ते वाढते. शहरात हॉटेलमार्फत ठरवलेली गाडी आणि थेट चालकाशी ठरवलेली गाडी यांच्या दरात लक्षणीय तफावत असते. ठरवताना किलोमीटर, थांबण्याचे तास, वाहनतळाचे आणि प्रवेशाचे शुल्क कोणी द्यायचे हे सर्व आधीच बोलून घ्यावे, आणि ठिकाणांची नावे क्रमाने लिहून द्यावीत. 'अकल' म्हटल्यावर ज्याच्या कपाळावर आठी पडते तो चालक सोडून द्यावा. आमचा चालक खुद्द एका ढाणीत, म्हणजे वाळवंटातील लहान वस्तीत, वाढलेला होता. कुठल्या खडीनमध्ये यंदा पाणी भरले, कुठल्या ओरणात, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, झाड तोडत नाहीत, कुठल्या टांक्याचे, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या टाकीचे, पाणी माणसांसाठी आणि कुठल्याचे गुरांसाठी, हे तो न विचारता सांगत होता. त्या मानाने शहरातील परवानाधारक गाइडचा अर्ध्या दिवसाचा खर्च वाया गेल्यासारखा वाटला, कारण त्याची सर्व माहिती राजांच्या नावांभोवती आणि कुलधराच्या शापाभोवती फिरत होती. दुकानांकडे वळवण्याचा प्रयत्न मात्र चालकानेही एकदा केला. नको म्हटल्यावर विषय तिथेच संपला.

क्रम असा ठेवल्यास धावपळ होत नाही: पहिल्या दिवशी सकाळी अकल, दुपारनंतर कुलधरा आणि खाभा, आणि तिथून हवे तर सम किंवा खुहडी, दुसऱ्या दिवशी सकाळी लोद्रवा, संध्याकाळी बडा बाग, मधल्या वेळेत किल्ला. तनोट आणि लोंगेवाला पाहायचे असल्यास तिसरा स्वतंत्र दिवस लागतो, कारण तनोट शहरापासून सुमारे एकशेवीस किलोमीटरांवर आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या चौकीवर रात्रभर रणगाड्यांना थोपवून धरले गेले आणि उजाडताच हंटर विमानांनी ते टिपले, ती जागा आणि रस्त्यालगतचे रणगाडे पाहायला महाराष्ट्रातून बरेच लोक जातात. परदेशी पारपत्र असलेल्या मराठी कुटुंबीयांना मात्र सीमेलगतच्या भागासाठी वेगळी परवानगी लागते, त्यामुळे त्यांना बरोबर घेऊन जाणार असाल तर जैसलमेरला पोहोचण्यापूर्वीच चौकशी करावी.

मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना जोधपूरमार्गे येणे सोयीचे पडते. तिथून रस्ता सुमारे २८५ किलोमीटरांचा आणि उत्तम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. जेवणाची चिंता नाही. केर-सांगरीची भाजी, बाजरीचा सोगरा (भाकरी) आणि ताक हे ढाब्यावरही चांगले मिळते, आणि शहरात घोटुआ लाडू घ्यावेत. ते तुपाने जड असतात आणि प्रवासात टिकतात.

खरेदीत एक वस्तू लक्ष वेधून घेते. हाबूर गावाच्या परिसरातील तपकिरी-पिवळ्या, शिंपल्यांच्या जीवाश्मांनी भरलेल्या दगडाच्या वाट्या, पेले आणि थाळ्या किल्ल्यातील दुकानांत मिळतात, आणि या वाटीत कोमट दूध ठेवले की विरजणाशिवाय दही लागते असे दुकानदार छातीठोकपणे सांगतात. दह्याला जिवाणू लागतात आणि ते दगडात कोट्यवधी वर्षे वाट पाहत बसले असतील हे मानायला मी तयार नाही. पण घासून गुळगुळीत केलेल्या त्या दगडावर समुद्री शिंपल्यांचे छेद स्पष्ट दिसतात, आणि वाळवंटातील बाजारात समुद्राचा तळ वाटीच्या रूपाने विकला जातो एवढ्यासाठी ती घेण्यासारखी आहे. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करावीत, आणि घेण्यापूर्वी वाटी उजेडात धरून जीवाश्म कोरलेले किंवा रंगवलेले नाहीत ना हे पाहून घ्यावे.